अनुपमचा फॉर्म

नेपियर टाउन, जबलपूर
रविवार, १७ ऑगस्ट

प्रिय वसू,

पाकीट बघून घाबरू नकोस. पत्राच्या सुरुवातीला सगळे ठीक आहे असे लिहायची पद्धत आहे, पण या वेळी ते वाक्य लिहावे की नाही हे मला ठरवता येत नाही, म्हणून ते सोडून पुढे जातो. अनुपम बरा आहे. तुळशीची कुंडी तू सांगितलीस तशी सकाळच्या उन्हात सरकवली, तिला मंजिऱ्या आल्या आहेत. वरच्या टाकीचा बॉल कॉक पुन्हा बिघडला होता, तो बदलून घेतला. अक्षर बघून मात्र तुला वाटेल की हे दुसऱ्याच कुणाकडून लिहून घेतले. तसे नाही. मीच लिहितो आहे आणि हा कागद तिसरा आहे, आधीचे दोन फाडले. बिजली बोर्डाच्या आस्थापना शाखेत अडतीस वर्षे ज्याच्या अक्षराचे दाखले दिले गेले त्याच्या हाताला काय झाले, ते पुढे येईलच. सगळे क्रमाने सांगतो. क्रम सोडला की माझा गोंधळ उडतो, आणि सध्या तर क्रम धरूनही उडतोच आहे.

फोनवर हे जमणारे नव्हते. रोज सकाळी साडेनऊला तुझा फोन येतो, गोळी घेतली का, दूधवाला आला का, अनुपम वेळेवर गेला का. मी हो, हो, हो म्हणतो. बाळाने काय नवीन केले ते तू सांगतेस आणि अडीच मिनिटांत आपण दोघेही सुटतो. सदतीस वर्षांच्या संसारात आपण एकमेकांना एकही पत्र लिहिलेले नाही, कारण तशी वेळच आली नाही. तू माहेरी गेलीस तरी ते ग्वाल्हेरला, चार दिवसांत परत. आता तुला जाऊन दीड वर्ष होत आले.

मागच्या वर्षी मार्चमध्ये चिन्मयीच्या बाळंतपणासाठी तू पुण्याला गेलीस ती तीन महिन्यांसाठी. परतीचे तिकीट मीच काढून दिले होते, नऊ जूनचे, खालचा बर्थ. ते तू रद्द केलेस. मग बाळाचे बारसे झाले, जावळ झाले, दात आले, आता तो सोफा धरून चालतो असे ऐकतो, आणि तू तिथेच आहेस. तिकीट काढू का म्हटले की बघू म्हणतेस. त्या 'बघू'वर मी पुष्कळ विचार केला आणि अशा निष्कर्षाला आलो की तू अनुपममुळे येत नाहीस. एकतीस वर्षांचा घोडा, लग्नाचे नाव काढत नाही, शनिवारी मित्रांबरोबर बसतो आणि वास मारत घरी येतो. कोणत्या आईला हे बघवेल? तो सुधारला की तू येशील असे मी धरून चाललो आणि मे महिन्यापासून त्या एकाच कामाला लागलो. एवढे लक्षात ठेवून पुढचे वाच.

अठ्ठावीस मेला अनुपमच्या स्कूटरचा आरसा फुटला असे मी तुला सांगितले होते. आरसा फुटला हे खरे, पण तो ओमती चौकात उसाच्या रसाच्या गाडीवर आदळून फुटला. दुपारी चारला ठाण्यातून फोन आला. मी तेव्हा नुकताच बसलो होतो. तोंडात दोन वेलदोडे टाकले आणि ऑटोने गेलो. बघतो तर हा बाकावर बसलेला, ओठ फाटलेला, आणि तो रसवालाच बिचारा त्याच्या कोपराला बर्फ लावतो आहे. कुणाच्या तरी वाढदिवसाला भर दुपारी बिअर झाली होती. कुणाला लागले नव्हते, समज देऊन सोडले. निघताना एक हवालदार माझ्याजवळ आला, क्षणभर थांबला, आणि अनुपमकडे न बघता माझ्याकडेच बघत हळूच म्हणाला, अंकल जी, मीटिंग में आ जाइए, हमारे जीजाजी भी जाते हैं, पंद्रह साल की छूट गई. मग एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. माणूस मुलाबद्दल बोलतो आहे तर मुलाकडे का बघत नाही, हे मला तेव्हा विचित्र वाटले.

दुसऱ्या दिवशी मी त्या नंबरावर फोन केला. नाव विचारले तर योगेश एवढेच म्हणाला, आडनाव सांगेना. (हे खरे नाव नाही. तिथले तिथेच ठेवायचे असा त्यांचा नियम आहे, म्हणून मी सगळी नावे बदलून लिहितो आहे. गोपनीय कागद हाताळायची मला सवय आहे.) मी विचारले प्रवेशाचा फॉर्म कुठे मिळेल, सोबत काय काय जोडावे लागेल, दोन फोटो लागतील का. तो हसला. फॉर्म वगैरा कुछ नहीं अंकल, बस आ जाइए. मला हे पटले नाही. जिथे फॉर्म नाही, हजेरीपट नाही, ती संस्था चालते कशी? तुला माहीत आहे, आपल्या घरातले सगळे फॉर्म मीच भरले. मुलांचे परीक्षेचे, मूल निवासी दाखल्याचे, तुझे पॅन कार्ड, घराचा सरकारी समग्र आयडी, सगळ्या गल्लीचे हयातीचे दाखले. तू फक्त सही करायचीस, मी पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवायचो तिथे. कधी वाचले नाहीस, आणि मला त्याचा केवढा अभिमान होता.

राइट टाउनमध्ये एका शाळेच्या मागच्या खोलीत, मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी साडेसहा, एवढ्या माहितीवर मी अनुपमला मागे बसवून निघालो. पाटी नाही, बाण नाही. चार चकरा मारल्या. शेवटी एका खोलीत दिवा दिसला, आठदहा माणसे गोल बसलेली, म्हणून आत जाऊन बसलो. एक गृहस्थ तावातावाने बोलत होते की मला सकाळी सहाला पाणी मिळालेच पाहिजे. दुसरे म्हणाले, तुमचाच पंप सगळे ओढून घेतो. मला वाटले इथे अशीच पद्धत असेल, आधी मन मोकळे करतात, मग दारूवर येतात. दहा मिनिटांनी कळले की ती कुठल्याशा सोसायटीची बैठक होती. अनुपम इतका हसला की फाटलेला ओठ पुन्हा उलला. मग शाळेच्या चौकीदाराला मी अगदी हळू आवाजात विचारले, तर तो रस्त्याला ऐकू जाईल असे म्हणाला, अच्छा, दारू वाली मीटिंग, सीधे जाके बाएँ. मी त्याला ताबडतोब सांगितले की आम्ही या मुलासाठी आलो आहोत.

तिसरीचा वर्ग होता. बाक एवढे ठेंगणे की गुडघे हनुवटीला लागतात. भिंतीवर फळांचा तक्ता, आणि त्याखाली पंधराएक मोठी माणसे चहा पीत बसलेली. एकेक जण उठतो, नाव सांगतो, मी शराबी आहे म्हणतो, आणि सगळे एका सुरात नमस्ते म्हणतात. माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहून पूर्ण नाव, हुद्दा, निवृत्तीचे वर्ष सांगितले आणि म्हणालो, मैं इनका पिता हूँ. त्यावरही सगळे तितक्याच प्रेमाने नमस्ते म्हणाले. अनुपम फक्त 'पास' म्हणाला. शकु म्हणून एक बाई आहे, मुलींच्या होस्टेलात स्वयंपाक करते. ती सांगत होती की आठ वर्षे ती कणकेच्या पिंपात बाटली ठेवायची, आणि एकदा पोळ्यांनाच वास आला. सगळे पोट धरून हसले, ती स्वतःही. मला काय करावे कळेना. ज्या गोष्टीला माणसाने मान खाली घालावी तिला हे लोक हसतात, आणि हसता हसता डोळे पुसतात. शिवाय मनात आले की बाई, कणकेचे पिंप ही काय जागा झाली, रोज उघडावे लागते. असे आपले सहज मनात आले.

दोन मीटिंगनंतर अनुपम म्हणाला, बाबा तुम्ही जा, मला काम आहे. मी रागावलो, पण जात राहिलो. आता तू विचारशील, रोगी घरी आणि मी दवाखान्यात, हा काय प्रकार. पण मी अधिकारपत्र घेऊन लोकांच्या वतीने किती कचेऱ्यांत गेलो आहे, तसाच त्याच्या वतीने जात होतो. वहीत सगळे टिपून घ्यायचो, घरी येऊन त्याला वाचून दाखवायचो. तो जेवता जेवता ऐकायचा आणि माझ्याकडे टक लावून बघायचा. एके दिवशी बापूंनी माझी वही मिटली. बापू मझौलीचे, बियाण्याचे दुकान आहे, घराणे मूळ अमरावतीकडचे. एकोणीस वर्षांपूर्वी सोडली आणि अजून आठवड्यातून दोनदा बसने येतात. म्हणाले, भाऊ, काहून लिहून राहिले? इथं लिहाचं नाही, इथं फक्त बसाचं. मी म्हटले मुलाला सांगायला लागते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, अच्छा, मुलाले. आणि चहा आणायला गेले.

मीटिंगहून आले की मला फार थकवा यायचा. इतक्या लोकांचे इतके ऐकून डोके जड होते. मग मी माझे नेहमीचे घेऊन बसायचो. त्याबद्दल तुला वेगळे काय सांगायचे? स्टीलचा पेला, खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजून, जेवणाआधी. शिस्तीत. तो पेला तू कधी पाहुण्यांना दिला नाहीस, वेगळा घासून वेगळा ठेवायचीस. नोकरीत होतो तेव्हा साडेसातनंतर, निवृत्त झाल्यावर साडेपाच, मग चार. तू गेल्यापासून घड्याळाकडे बघितलेले नाही. पण मी कधी पडलो नाही, कुणावर हात उचलला नाही, ठाण्यात गेलो नाही. गेलो ते मुलाला सोडवायला.

दोन ऑगस्टच्या शनिवारी बापूंनी मला एक कागद दिला. हिंदीत छापलेले पंधरा प्रश्न, पुढे हाँ आणि नहीं. म्हणाले, घरी नेऊन शांतपणे भरा, कोणाले दाखवायची गरज नाही. कुणी भरायचा ते त्यांनी सांगितले नाही, आणि मला विचारायची गरज वाटली नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या मंडळींनी एक रीतसर कागद हातात दिला होता, मला आनंदच झाला. अनुपम बाहेर होता. मी पेला घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसलो, वर मोठ्या अक्षरांत अनुपमचे नाव लिहिले आणि भरायला लागलो. शेऱ्याचा रकाना नव्हता, तो पट्टीने आखून घेतला. जिथे माहिती नव्हती तिथे अंदाजाने लिहिले, सेवापुस्तिका अपुरी असली की आम्ही करायचो तसे. मध्ये एकदोनदा उठून पेला भरला. खाली पेन्सिलीने फुली मारली आणि फॉर्म मिठाच्या बरणीखाली ठेवला. पंधरापैकी चौदांना हो होते. एवढा गेलेला मुलगा आपल्या पोटी यावा, असे वाटून मला रडू आले हे आठवते. त्यानंतरचे नीट आठवत नाही.

रविवारी सकाळी मी पोहे केले. अनुपमने बशी एका हातात आणि फॉर्म दुसऱ्या हातात घेतला. त्याने पहिल्यांदा वाचला, मग पुन्हा वाचला. पोहे तसेच राहिले. मग म्हणाला, बाबा, ये मेरा नहीं है. मी म्हटले वर नाव वाच. तो म्हणाला, नाव माझं आहे, बाकी सब आपका है. आणि त्याने शेरे वाचून दाखवायला सुरुवात केली. बाटली लपवता का? हो. शेरा: वरच्या बाथरूममधील बंद गिझरच्या मागे, जुन्या चादरीत गुंडाळून. घरच्या कार्यात गैरहजर राहिलात का? हो. शेरा: बहिणीच्या पाठवणीच्या वेळी हॉलच्या कोठीत झोप लागली. वसू, चिन्मयीच्या पाठवणीच्या वेळी अनुपम तर गाडीत बॅगा चढवत होता. कोठीत मी होतो. यांचे बीपी एकदम खाली आले असे तू जावईबापूंच्या आईला सांगितलेस, आणि मीसुद्धा पाच वर्षे तेच धरून चाललो होतो. अक्षर माझेच होते. पहिल्या पाच ओळी छापल्यासारख्या, नंतर उतारावर गेलेल्या. पण हे मी केव्हा लिहिले ते मला अजूनही आठवत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण आपलाच हात आपल्याला न विचारता असे काही करून बसला तर त्याला काय म्हणायचे?

तेरावा प्रश्न होता, तुम्ही प्यायलेले असताना घरातले लोक कसे वागतात. म्हणजे घाबरतात का, गप्प होतात का, असे काहीसे. त्यापुढे मी लिहिले होते: ती ताट वाढून आत निघून जाते. अनुपमने ते वाचले आणि कागद खाली ठेवला. ती कोण, बाबा? मी बशीतले शेंगदाणे बाजूला करत बसलो. मग त्याने अगदी लहान असताना विचारायचा तशा आवाजात विचारले, आई काहून गेली तुम्हाला माहीत आहे ना? मी म्हटले, बाळंतपणाला.

तो रागावला नाही. रागावला असता तर मला काहीतरी बोलता आले असते. त्याने जे सांगितले ते मी चौदा दिवस मनात फिरवतो आहे आणि तरी ते बसत नाही. तो म्हणाला, ओमतीच्या दिवसापासून मी पिलोच नाही. तुम्ही मीटिंगला जाऊन राहिले होते. मला वाटलं तुम्ही माझ्या नावावर आपल्यासाठीच जाऊन राहिले, मी तिथं बसलो तर तुम्ही बोलणार नाही, म्हणून मी येणं बंद केलं. तू सांग, यात कोण कुणाला नेत होते? मी समजत होतो मी त्याला नेतो आहे, तो समजत होता तो मला जाऊ देतो आहे. मंगळवारी त्याने स्कूटर काढली आणि म्हणाला, चलो, मी येतो तुमच्यासंग. त्याच्या मागे बसून मी निघालो, बॅगेत तो फॉर्म. बापूंना दाखवला तर त्यांना काही नवल वाटले नाही. आमाले पहिल्याच दिवशी वाटलं होतं, म्हणाले. मी जरा चिडूनच विचारले, मग सांगितले का नाही? तर म्हणाले, भाऊ, इथं कोणी कोणाचा फॉर्म भरून देत नाही.

त्या दिवशी पाळी आली तेव्हा मी उभा राहिलो. मेरा नाम अच्युत है. हुद्दा नाही सांगितला. और मैं, एवढे म्हणालो, आणि पुढचे येईना. अनुपमचा पिता आहे हे खोटे नव्हते, पण ते म्हणायला तोंड उघडेना, आणि दुसरा शब्द तर त्याहून उघडेना. सगळे थांबले. शकु, योगेश, बापू, फळांच्या तक्त्याखाली बसलेला अनुपम. मग कुणीतरी नमस्ते म्हणाले आणि सगळे म्हणाले, आणि मी बसलो. ते वाक्य अजून तिथेच अर्धे आहे. त्यानंतर पाच मीटिंगा झाल्या, दर वेळी तिथवरच जाते. मी खरोखर तो आहे का? कधी वाटते हो, कधी वाटते हे सगळे एका कागदावरून वाढले. शकुच्या गोष्टी ऐकल्या की वाटते माझे काय एवढे, आणि घरी येऊन तुझ्या रिकाम्या खुर्चीसमोर बसलो की वाटते सगळेच आहे.

आज नववा दिवस. हिशेबाने बारावा असायला हवा होता, पण मध्ये एकदा हुकलो. गिझरमागची अनुपमने फेकली, पण एक जागा मी फॉर्मवरही लिहिली नव्हती. तुझ्या शिवणयंत्राच्या पेटीत, खालच्या कप्प्यात, तू गेल्यापासून. ती आता त्याला सांगितली आहे, आणि तुला सांगतो आहे. कप्पा पुसून घेतला, रिळे जागेवर ठेवली. पंधरा ऑगस्टला दुकानेच बंद असतात, त्यामुळे तो दिवस मी माझ्या श्रेयात धरत नाही. हाताचे कारण हेच. एकदम सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप धरवेना, घाम सुटला, घरच्या भिंतीवर नसलेला फळांचा तक्ता दिसायला लागला. अनुपमने बापूंना फोन केला, योगेश त्याच्या ऑटोतून बापूंना घेऊन आला, आणि तिघांनी मिळून डॉक्टरकडे नेले. डॉक्टर रागावले की या वयात असे स्वतःच्या मनाने एकदम सोडायचे नसते, धोका असतो. गोळ्या सुरू आहेत, दर तिसऱ्या दिवशी तपासणी आहे. थरथर आता कमी आहे, म्हणूनच लिहायला बसलो. काळजी करू नकोस, किंवा कर, मला काय सांगायचे तेही कळत नाही.

आता हे सगळे कशासाठी लिहिले ते. बापूंकडून मी त्याच प्रश्नांचा दुसरा कागद मागून घेतला, कोरा. वर माझे नाव लिहिले आणि काल दिवसभर तो भरायचा प्रयत्न केला. तीन ठिकाणी 'नाही' लिहून खोडरबरने खोडले, खुणा दिसतील. माझा हात शुद्धीत असला की लपवतो आणि शुद्ध हरपली की खरे लिहितो, अशा हातावर कुणी विसंबायचे? या घरात जे झाले ते नीट माहीत असलेले माणूस एकच आहे, आणि त्याला मी सदतीस वर्षांत एकाही कागदावर वरचे काही लिहू दिले नाही, नुसती सही करायला लावली. तो फॉर्म या पाकिटात आहे. तो तू भर. बापूंना हे चालणार नाही, त्यांचा नियम मला पाठ आहे, पण हा मसुदा समज. तू भरून पाठवलास की वाचीन, आणि स्वच्छ प्रत माझ्या हाताने काढीन, मग जे वाक्य अर्धे राहिले आहे त्याचे काय ते बघता येईल. सावकाश भर, अंदाजाने काही लिहू नकोस, मला वाईट वाटेल म्हणून काही गाळू नकोस. शेऱ्याचा रकाना आखून दिला आहे, जागा कमी पडली तर जादा कागद जोड. पत्ता लिहिलेले पाकीट आत ठेवले आहे. तिकीट काढू का, असे मी या वेळी विचारत नाही. खाली जिथे फुली असते तिथे मी माझी सही आधीच केली आहे, वर काय असेल ते न वाचता.

तुझाच,
अच्युत

सोबत: फॉर्म एक, कोरा, सही केलेला.